ओट्यामागची मोरपंखी भिंत

टाचणीकाकूंना गल्लीत कधी कोणी भांडताना पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं? सकाळी मशीनवर बसल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्या ओठांत चार-दोन टाचण्या धरलेल्या असायच्या. कोणी काही विचारलं तर मान हलवून हो, मान हलवून नाही, आणि फारच झालं तर नुसतं "हं". पोरांनी नाव ठेवलं, मोठ्यांनी उचललं, आणि आता पत्ता शोधत येणारी नवी गिऱ्हाइकंसुद्धा "टाचणीकाकू कुठे राहतात हो?" असंच विचारायची.

हाताला मात्र सुंदर वळण होतं. शाळेचे गणवेश, फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, काही म्हणून नाही म्हणायच्या नाहीत. त्यांच्या हातचा कपडा उलटा करून पाहिला की आत दोन्ही अंगांना बोटभर जादा कापड दुमडलेलं सापडायचं. शिंपीकामात त्याला माया सोडणं म्हणतात. पोर वाढलं, बाई अंगाने भरली, तर कपडा टाकून द्यायला नको. शिवण उसवायची आणि सैल करायची. काकूंच्या हाताला ही सवय इतकी भिनलेली की झोपेत कातरी दिली असती तरी बोटभर सोडूनच कापल्या असत्या.

मशीन होतं स्वयंपाकघरात, खिडकीपाशी. घरात धड उजेड येणारी ती एकच जागा. एका हाताला मशीन, दुसऱ्या हाताला ओटा, आणि कोपऱ्यात हात पोचेल अशा उंचीवर देवाची फळी. सकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे, मग शेगडी, मग मशीन. काकूंचा सगळा दिवस या तीन जागांमध्ये सरायचा.

या सगळ्यात एकच गोष्ट डोळ्यांत खुपायची. ओट्यामागच्या फरशा.

त्या होत्या न्हाणीघराच्या. तेही त्यांच्या न्हाणीघराच्या नव्हेत, नणंदेच्या. घर झालं तेव्हा मोठ्या नणंदेच्या घरी न्हाणीघराचं काम नुकतंच उरकलं होतं आणि फरशा उरल्या होत्या. "पडून राहतील उगाच, तुमच्या ओट्याला लावा," असं म्हणून त्यांनी पाठवून दिल्या. फिकट गुलाबी फरशा, मध्ये मध्ये एकेक निळा मासा, माशाच्या तोंडातून वर जाणारे बुडबुडे. नेमक्या शेगडीमागे फरशा कमी पडल्या, तेव्हा गवंड्याने एक तुकडा कापून बसवला. त्यावर माशाची नुसती शेपटी आली, तोंड आलंच नाही. वीस-बावीस वर्षं काकूंनी त्या बिनतोंडाच्या माशासमोर उभं राहून भाजी परतली. नणंदेच्या अंघोळीच्या फरशा समोर ठेवून रोजचं अन्न शिजवलं.

वन्सं वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. द्यायला हात सैल. या घरातली बैठक त्यांची, भिंतीवरचं घड्याळ त्यांचं, पडद्यांच्या दांड्या त्यांच्या. पण दिलेली वस्तू कुठे ठेवायची, कशी पुसायची, कोणाला हात लावू द्यायचा नाही, हेही त्याच सांगायच्या. आणि काकूंचे यजमान म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी केली. तिथे साहेबाला "हो साहेब" आणि घरी बहिणीला "हो ताई". निवृत्त झाल्यापासून साहेब सुटला, ताई राहिली.

त्या सोमवारी फोन आला तेव्हा काकू एका गणवेशाची कॉलर बसवत होत्या. यजमान फोनवर होते.

"हो ताई... हो... हो ना, चांगलीच आहेत... हो, रविवारी... टेम्पो? अगं कशाला एवढा... हो ताई."

फोन ठेवून ते खुशीत स्वयंपाकघरात आले.

"ऐकलंस का? ताईने नवीन स्वयंपाकघर केलं. जुनी कपाटं आपल्याला देतेय. सगळीच्या सगळी. रविवारी टेम्पोबरोबर स्वतः येतेय."

काकूंनी मान वर केली. भुवया उंचावल्या. म्हणजे, कुठे?

"ओट्यावर वरची दोन बसतील. ती डब्यांची फळी काढावी लागेल. आणि एक उंच आहे, ते इथे." त्यांनी खिडकीसमोर हात धरला. "ताई म्हणाली, त्या भिंतीच्या फरशा फार जुनाट दिसतात, कपाटांनी झाकूनही जातील."

"इथे" म्हणजे खिडकीसमोर. उंच कपाट तिथे उभं राहिलं की अर्धी खिडकी गेली. अर्धी खिडकी गेली की उजेड गेला. आणि मशीन?

जणू काकूंनी विचारलंच, असं समजून यजमान म्हणाले, "मशीन बोळात ठेवू. दिवा लावून देईन तुला चांगला."

काकूंनी पाय मशीनच्या पायट्यावरून काढला. ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि समोरच्या उशीत खोचल्या. यजमान बघत राहिले. हे दृश्य त्यांनी भरदिवसा फारसं पाहिलेलं नव्हतं.

"नकोत," काकू म्हणाल्या.

"काय नकोत?"

"कपाटं."

"अगं, असं कसं? मी हो म्हटलंय!"

"तुम्ही म्हटलंय. मी नाही."

"ताईला वाईट वाटेल."

"वाटू दे. मला बावीस वर्षं वाटतंय, मी मेले का त्यानं?"

यजमान खुर्चीवर बसले. त्यांनी मवाळपणे पुन्हा सुरुवात केली. "हे बघ, भिंत खराब दिसते हे तर खरं ना? मग झाकली जाते आहे तर..."

"भिंत खराब दिसते म्हणून कपाटं ना? मग भिंतच चांगली करते. कपाटांचं कारणच संपलं."

"कोण करणार?"

"मी."

यजमान हसले. हसायला नको होतं, पण माणूस सवयीने हसतो. "तू? अगं, ते काय परकर शिवणं आहे?"

काकू उठल्या. खुंटीवरची मापाची फीत गळ्यात टाकली, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढला आणि ओट्यासमोर उभ्या राहिल्या. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिने मागे कधीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. कोणी बाई जुन्या फरशांवरच लाकडी पट्ट्या चिकटवते, रंग देते आणि भिंत ओळखू येत नाही. तेव्हा काकूंनी तो दोनदा पाहून बाजूला ठेवला होता. आता तो डोळ्यांसमोर होता.

त्यांना एकच रीत माहीत होती, तीच त्यांनी वापरली. अंगावर कपडा बेतावा तशी भिंत बेतली. फीत आडवी लावली, उभी लावली, वर्तमानपत्रं जोडून ओट्यापासून डब्यांच्या फळीपर्यंतचा पुरा खाका कापला. दिव्याच्या बटणाची जागा काजासारखी कोरून काढली. नळाजवळ गळ्यासारखी गोल कातर दिली. खाका भिंतीवर चिकटपट्टीने लावून लांब जाऊन पाहिला. मग तो घडी करून पिशवीत घातला आणि थेट लाकडाच्या वखारीत गेल्या.

वखारवाला गल्ल्यावर कान कोरत बसला होता. काकूंनी कागद उलगडला तसा तो उठून उभा राहिला.

"हे काय काकू? भिंतीला झबलं शिवताय का?"

"शिवते. तुम्ही कापड द्या."

"कापड म्हणजे?"

"पातळ पट्ट्या. उभ्या लावायच्या. पाणी लागलं तर फुगणार नाहीत अशा."

"पुरुष माणसं नाहीत का घरात? साहेबांना पाठवायचं."

"साहेबांना भिंतीचं माप माहीत नाही. तुम्ही पट्ट्या दाखवता की मी दुसरीकडे जाऊ?"

वखारवाल्याने पट्ट्या दाखवल्या. हसत होता, पण माणूस जाणता होता. "शेगडी कुठे येते?" त्याने खाक्यावर बोट ठेवून विचारलं. काकूंनी दाखवली. "इथे लाकूड नको. शेगडीमागे स्टीलचा पत्रा लावा, वरपर्यंत. नाहीतर एक दिवस भिंतीसकट जेवण शिजेल." काकूंनी पेन्सिलीने तिथे चौकोन आखला. कपड्याला खिसा लावावा तसा तो चौकोन दिसला, आणि त्यांना तो आवडला.

पट्ट्यांची रुंदी ठरलेली होती, उंची काकूंनी सांगायची होती. त्यांनी खाक्यावरून आकडे सांगितले, करवतीवरच्या माणसाने भराभर पट्ट्या कापून दिल्या.

मंगळवारी दुपारी पहिली पट्टी ओट्यामागे लावायला घेतली आणि ती बसेचना. फळीखाली घातली तर खालून अडते, खालून टेकवली तर वरून अडते. दुसरी घेतली, तीही तशीच. तिसरी, चौथी. काकू पट्टी हातात धरून मिनिटभर उभ्या राहिल्या आणि मग कपाळावर हात मारला. बोटभर. नेमकी बोटभर जास्त. आकडे सांगताना हाताने सवयीने माया सोडली होती. भिंतीला! जी वाढणार नाही, जाड होणार नाही, जिची शिवण कोणी उसवणार नाही.

यजमान दारात उभे होते. आता हसायचं नाही एवढं त्यांना कळलं होतं, पण चेहरा आवरत नव्हता.

"सुताराला बोलावू का?"

"करवत आणा."

"अगं, हात कापून घेशील. उद्या मशीनवर काय बसणार?"

"शेजारच्यांकडे आहे करवत. तुम्ही आणता की मी मागू?"

त्यांनी आणली. काकूंनी पाटावर पट्टी टेकवली, गुडघ्याने दाबली आणि करवत चालवली. पहिला काप वाकडा गेला. दुसरा कमी वाकडा. लाकडाचा भुसा केसांत, नाकात, देवाच्या फळीखाली. सायंकाळी दिवा लावताना त्यांनी आधी फळी पुसली, मग हात जोडले. मागणं फार लांबलचक नव्हतं. "देवा, मला भांडायची वेळ आणू नकोस. पण आणलीस, तर आवाज दे."

बुधवारी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या कापून चालणारच नव्हतं. फळी मध्यभागी वर्षानुवर्षांच्या डब्यांच्या भाराने दबलेली. ओटा नळाकडे उतरता. डाव्या कोपऱ्यात उंची जास्त, मध्ये कमी, उजवीकडे पुन्हा जास्त. खाका काढताना फीत ताणली गेली होती, हे सगळं त्यात आलंच नव्हतं. पण उरलेल्या प्रत्येक पट्टीला बोटभर जादा लाकूड होतं. मग काय, एकेक पट्टी तिच्या तिच्या जागी उभी करायची, पेन्सिलीने खूण करायची, आणि तिथे कापायची. जशी अंगावर टाचण्या लावून कपड्याची उंची ठरवतात तशी. काकूंना हे काम तोंडपाठ होतं. सवयीने पेन्सिल ओठांत धरली आणि लगेच काढून कानामागे खोचली.

फरशा त्यांनी फोडल्या नाहीत. घासूनपुसून तेलकटपणा काढला, पॉलिश पेपरने चरे पाडले म्हणजे गोंद धरेल, आणि पट्टीमागून पट्टी दाबून बसवली. कागदी चिकटपट्टीने ती कच्चे टाके घातल्यासारखी धरून ठेवली. एकेक करून मासे झाकले गेले. बिनतोंडाच्या शेपटीवर चकचकीत पत्रा आला. तिचा निरोप घेताना काकूंना उगाच वाईट वाटेल असं वाटलं होतं. मुळीच वाटलं नाही.

गुरुवारी यजमान स्वतःहून म्हणाले, "शेवटची पट्टी मी कापू का?" पंपावरचा माणूस, हातात काम दिसलं की स्वस्थ बसवत नाही. काकूंनी करवत दिली.

"बोटभर जास्त ठेवा," त्या म्हणाल्या.

"अगं, मापात माप. हे पाहा." त्यांनी फीत लावली, दोनदा लावली, एक डोळा मिटून रेघ मारली आणि कापली. काप सरळ सुरेख आला. पट्टी भिंतीला लावली तर वर मोठी फट. ते फटीकडे बघत राहिले, फट त्यांच्याकडे.

"आता?"

"आता काही नाही. पायपीन लावू."

"काय?"

"गळ्याला गोट लावतात ना, कापाच्या कडा झाकायला? वरच्या अंगाने एक बारीक पट्टी सगळ्यांवरून फिरवू. तुमचीही झाकेल, माझ्याही."

यजमान त्या बारीक पट्टीसाठी वखारीत स्वतः गेले.

राहिला रंग. रंगाच्या दुकानातला मुलगा पांढरे, दुधी, फिकट पिस्ता असे डबे काढून ठेवत होता. "स्वयंपाकघराला हलका बरा काकू, मोठं दिसतं." काकूंचं बोट रंगांच्या तक्त्यावरून घसरत घसरत शेवटच्या ओळीत गेलं आणि तिथेच थांबलं. मोरपंखी. गडद, निळा की हिरवा सांगता येऊ नये असा. या रंगाचं कापड त्यांनी लोकांसाठी किती शिवलं त्याला गणती नव्हती. स्वतःच्या अंगावर कधी चढवलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा वन्संनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "हिला गडद रंग घेऊ नका, ही त्यात दिसायचीच नाही." तेव्हापासून सगळं फिकट.

"हा द्या," काकू म्हणाल्या.

"भिंतीला?"

"मग काय तुझ्या केसांना?"

फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, सुकल्यावर घासली, अस्तराचा पांढरा हात दिला, मग मोरपंखी एकदा आणि वाळल्यावर पुन्हा एकदा. शनिवारी दुपारी खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा ती भिंत अशी उठून दिसली की गणवेश न्यायला आलेली एक आई गणवेश विसरून तशीच उभी राहिली. जवळून पाहिलं तर एक पट्टी किंचित कललेली होती आणि कोपऱ्यात ब्रशचा एक केस रंगात अडकून वाळला होता. काकूंना दोन्ही जागा ठाऊक होत्या. राहू दिल्या.

रविवारी टेम्पो दारात लागला. पुढच्या आसनावरून वन्सं उतरल्या. आल्या आल्या पाणी मागितलं, भावाच्या तब्येतीबद्दल बोलल्या, आणि टेम्पोवाल्याला "दोऱ्या सोड रे," असं सांगून थेट स्वयंपाकघरात आल्या.

आणि दारातच थांबल्या.

"हे काय?"

"भिंत," काकू म्हणाल्या. टाचण्या उशीत होत्या. सकाळपासून एकही ओठांत घेतली नव्हती.

"माझ्या फरशा कुठे आहेत?"

"आत आहेत वन्सं. फोडल्या नाहीत. झाकल्या."

"आणि हा रंग? ओट्यामागे असा काळपट रंग कोणी लावतं का? घर आहे का विहीर?"

"मला आवडतो."

"लाकूड लावलंयस! घर पेटवशील एखाद्या दिवशी."

"शेगडीमागे पत्रा आहे. बघा हात लावून."

वन्संनी खरंच हात लावून पाहिला. पत्र्याला, मग लाकडाला. मग कललेल्या पट्टीवर त्यांचं बोट बरोबर थांबलं. "ही वाकडी आहे."

"हो. ती मी कापली."

"कोणत्या सुताराने..."

"सुतार नव्हता. मी केलं सगळं. वरची बारीक पट्टी तुमच्या भावाने लावली."

वन्सं भावाकडे वळल्या. भाऊ घड्याळाकडे बघत होता, त्यांनीच दिलेल्या.

"म्हणजे," वन्संचा आवाज एकदम खाली आला, "तुला माझ्या फरशा कधीच आवडल्या नाहीत?"

"नाही."

"बावीस वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? मी काय वाघ होते?"

प्रश्न खोटा नव्हता. काकूंनाही तो लागला. त्यांचा हात सवयीने टाचण्यांच्या उशीकडे गेला, आणि वन्संना वाटलं आता नेहमीचं "हं" येईल.

"तेव्हा नाही बोलले, हे चुकलंच," काकू म्हणाल्या. "म्हणून आता बोलते. कपाटं नकोत मला. एकही नको. ते उंच कपाट तिथे ठेवलं तर माझी खिडकी जाते. खिडकी गेली तर माझं काम जातं. मशीन इथून हलणार नाही."

"अगं, मी प्रेमाने आणलीत!"

"ठाऊक आहे. तरी नकोत."

वन्सं भावाला म्हणाल्या, "तू तर फोनवर हो म्हणालास. आता बोल ना काही."

यजमानांचं तोंड उघडलं. "हो ताई" ओठांवर आलंच होतं; सगळ्यांना दिसलं. काकूंनी त्यांच्या उत्तरासाठी थांबण्यात वेळ घालवला नाही. त्या सरळ बाहेर दारात गेल्या. टेम्पोवाल्याने दोऱ्या सोडून उंच कपाट अर्धं बाहेर ओढलं होतं.

"उतरवू नका," त्या म्हणाल्या. आवाज इतका खणखणीत आला की समोरच्या घरातली खिडकी उघडली. "परत बांधा."

मागून यजमानांचा आवाज आला, उशिरा, पण आला. "ताई, ती म्हणते तसंच करू या."

टेम्पोवाला कपाटाला खांदा देऊन उभा. घाम पुसत तो एकदा या बाईकडे, एकदा त्या बाईकडे बघत होता. "अहो, मग हे नेऊ कुठे मी?"

"गंगेत टाक," असं काहीतरी वन्सं आतून पुटपुटल्या.

टेम्पोवाल्याने कपाटाचं दार उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. चांगलं लाकूड होतं. "मग मावशी," तो वन्संना हळूच म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर मी घरी नेऊ का? आमच्याकडे नाहीयेत. बायको खूश होईल."

"ने बाबा. कोणाला तरी किंमत कळू दे."

तो आनंदाने कपाट आत ढकलायला लागला. काकू अजून दारातच उभ्या होत्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. "आधी तिला विचारा."

"कोणाला?"

"बायकोला. तिला हवीत का, विचारा. मग न्या."

टेम्पोवाला हसला, मग काकूंचा चेहरा बघून त्याने हसणं आवरलं आणि फोन लावला. पलीकडचा आवाज गल्लीभर ऐकू येईल इतका मोठा होता. "कपाटं? कोणाची? नाही, नाही, तशी उचलून आणू नका हं! आधी फोटो पाठवा. आणि माप सांगा, खिडकी झाकेल का ते!"

काकू आत आल्या. वन्सं मोरपंखी भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर काकूंनी चहा ठेवला, साखर त्यांना लागते तेवढीच. मग मशीनवर बसल्या, खिडकीतला उजेड कापडावर सारखा पडेल असं कापड सरकवलं, आणि पायटा दाबला.